दवाखान्यात आपला माणूस हवा

ऑस्ट्रेलियाची आरोग्यव्यवस्था जगातील चांगल्या व्यवस्थांमध्ये गणली जाते. तरीही ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटांवरील मूळनिवासी इतर नागरिकांपेक्षा आठ ते नऊ वर्षे कमी जगतात. २०२०-२२ च्या आकडेवारीनुसार मूळनिवासी पुरुषांचे आयुर्मान ७१.९ वर्षे, तर स्त्रियांचे ७५.६ वर्षे आहे. ही दरी २०३१ पर्यंत बुजवण्याचे वचन तिथल्या केंद्र आणि राज्य सरकारांनी २०२० च्या राष्ट्रीय करारात दिले. मात्र ही सरकारे करारातील आश्वासने पुरेशी पाळत नसल्याचे उत्पादकता आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्टपणे सांगितले.

अंतर, गरिबी, घरांची दुरवस्था ही कारणे आहेतच. त्यांच्या जोडीला अविश्वास आहे, आणि त्याला इतिहास आहे. विसाव्या शतकात कित्येक दशके मूळनिवासी मुलांना आईबापांपासून तोडून संस्थांमध्ये किंवा गोऱ्या कुटुंबांत ठेवले जाई. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाने हे सारे उघड केले. त्यामुळे घरची चौकशी करणारा सरकारी माणूस समोर आला, की आजही अनेक आया सावध होतात. उपचार पूर्ण होण्याआधीच रुग्णालय सोडून जाणाऱ्यांचे प्रमाणही मूळनिवासींमध्ये जास्त आहे.

हा अविश्वास सर्वांत जड जातो तो डॉक्टर आणि परिचारिकांच्या पलीकडच्या आरोग्यसेवकांना. फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, श्रवणतज्ज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ यांना ‘संलग्न आरोग्य व्यावसायिक’ म्हणतात. त्यांचे काम एका गोळीत संपत नाही, रुग्णाला महिनोन्‌महिने यावे लागते. कानाचे उदाहरण घेऊ. मुलांमध्ये कान वाहण्याच्या जुनाट आजाराचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले, तर जागतिक आरोग्य संघटना ती तातडीची सार्वजनिक समस्या मानते. उत्तर ऑस्ट्रेलियातील अनेक दुर्गम वस्त्यांमध्ये हे प्रमाण त्याहून कितीतरी जास्त आढळले आहे. नीट ऐकू न येणारे मूल बोलण्यात आणि अभ्यासात मागे पडते. त्यातच घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलाची चाचणी इंग्रजीतून घेतली, तर त्याच्यावर नसलेल्या दोषाचा शिक्का बसतो. आई पुढच्या वेळी मुलाला घेऊन येत नाही आणि उपचार तिथेच तुटतो.

न्यूझीलंडच्या माओरी परिचारिका इरिहापेटी रॅम्सडेन यांनी मांडलेली ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ ही कल्पना इथे उपयोगी पडते. आपण आदराने वागलो की नाही, हे सेवा देणाऱ्याने ठरवायचे नसून ते रुग्णाने ठरवायचे, हा तिचा गाभा. रुग्णाचे मौन म्हणजे नकार नव्हे आणि प्रत्येक ‘हो’ म्हणजे संमती नव्हे. समाजातील मृत्यूनंतरचे विधी चुकवता येत नाहीत, म्हणून राहिलेली भेट हा बेजबाबदारपणाही नव्हे. हे ओळखणे उपचाराचाच भाग आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरोग्यसेवकांच्या नोंदणीविषयक राष्ट्रीय कायद्यात हे तत्त्व घालण्यात आले.

याचा संबंध आपल्याशीही आहे. तिथे काम करणाऱ्या परदेशी पदवीधर डॉक्टरांमध्ये भारतीयांची संख्या मोठी आहे. अशा डॉक्टरांना साधारण दहा वर्षांपर्यंत डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागांत काम करावे लागते. मूळनिवासी रुग्णाची गाठ अनेकदा त्यांच्याशीच पडते.

मात्र कायद्यात एक फट आहे. फिजिओथेरपिस्ट आणि मानसशास्त्रज्ञ या नोंदणीच्या कक्षेत येतात. वाचा-उपचारतज्ज्ञ, श्रवणतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ येत नाहीत. त्यांच्यावर देखरेख असते ती त्यांच्या व्यावसायिक संघटनांची. म्हणजे कान वाहणाऱ्या त्या मुलाला ज्यांची सर्वाधिक गरज, नेमके तेच कायद्याबाहेर राहतात.

दुसरी उणीव मनुष्यबळाची. लोकसंख्येत मूळनिवासी ३.८ टक्के आहेत, पण नोंदणीकृत आरोग्यसेवकांमध्ये त्यांचा वाटा दीड टक्काही नाही. तो २०३१ पर्यंत ३.४३ टक्क्यांवर नेण्याचे सरकारी उद्दिष्ट आहे. ‘इंडिजिनस अलाइड हेल्थ ऑस्ट्रेलिया’ ही मूळनिवासी व्यावसायिकांची संघटना विद्यार्थ्यांना मार्गदर्शक मिळवून देते. डार्विनमध्ये तिने शाळकरी मुलांसाठी अकादमी सुरू केली आहे. तिथे शाळेत असतानाच सहायकाचे प्रशिक्षण मिळते आणि पुढे पदवीची वाट खुली होते.

पण केवळ भरती वाढवून भागणार नाही. रुग्णालयातला एकुलता एक मूळनिवासी फिजिओथेरपिस्ट स्वतःचे रुग्ण तपासतोच. शिवाय रुग्ण आणि कर्मचारी यांच्यातील दुभाषाही तोच, सहकाऱ्यांना संस्कृती समजावणारा शिक्षकही तोच आणि प्रत्येक समितीतला मूळनिवासी सदस्यही तोच. या जादा कामाला ना वेळ मिळतो ना मोबदला. अशी माणसे थकतात आणि नोकरी सोडतात. ती गेली की त्यांच्या भरवशावर येणारे रुग्णही दुरावतात.

म्हणून हे काम पगारात आणि कामाच्या तासांत मोजले गेले पाहिजे. रुग्णाशी आदराने वागण्याची जबाबदारी गोऱ्या आणि परदेशी सहकाऱ्यांनीही उचलली पाहिजे. आयुर्मानाची दरी बुजवायची, तर रुग्ण दुसऱ्यांदा दवाखान्यात येतो का, हे आधी पाहावे लागेल.