घरातला पहारा

उतईच्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या प्रशिक्षण केंद्रात जवानांना पहारा कसा द्यावा हे शिकवितात. तो पहारा उघड असतो. गणवेश दिसतो, हुकूम कोणाचा हे कळते. उतई-भिलाईस नोकरीनिमित्त आलेले आपण मराठी लोक मात्र पुण्या-नागपुरातल्या आपल्या घरांत असा पहारा बसवू लागलो आहोत की, ज्यांच्यावर तो बसला त्या आईबापांना कित्येकदा त्याचा पत्ताही नसतो.

म्हाताऱ्या माणसाचा घरातल्या घरात ठावठिकाणा सांगणाऱ्या यंत्रांविषयी मी बोलतो आहे. उपग्रहाचा संदेश छपराखाली क्षीण होतो, म्हणून येथे युक्ती निराळी. भिंतीवरचा संवेदक अंगाची ऊब हलली की ओळखतो, मनगटीचा पट्टा ब्लूटूथच्या लहरी सोडतो आणि रडारची नवी यंत्रे माणूस कोसळल्याचीही वर्दी देतात. ही विद्या टाकाऊ आहे असे कोण म्हणेल? न्हाणीघरात पडलेल्या आईची वार्ता तत्काळ कळणे ही सामान्य गोष्ट नव्हे. लहरींच्या जोरावरून अंतर ताडणारी यंत्रे भिंतींमुळे चकतात आणि स्वयंपाकघरात बसलेली आई त्यांना देवघरात दिसते, हेही एक वेळ क्षम्य मानू. अक्षम्य आहे ती चिरंजीवांची समजूत, की आपल्याला दिसले म्हणजे आपण सांभाळले! वार्ता भिलाईस आली तरी दार उघडायला धावणार शेजारच्या वहिनीच. आणि नेमक्या त्यांच्या फोनवर ती पोचावी ही सोय आपण केलेली नसते.

कायदा आहे ना, असे कोणी म्हणेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने व्यक्तीने खाजगी वा घरगुती कारणासाठी केलेला विदेचा वापर स्वतःच्या कक्षेबाहेरच ठेवला आहे. कंपनीला तो विचारील, मुलाला विचारणार नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. साठी उलटताच तो गळून पडतो, असे त्यात कोठे म्हटलेले नाही. कचेरीतील हजेरीचे यंत्र बोटाचा ठसा मागू लागले तेव्हा आपणच केवढा गहजब केला होता! वडील रात्री किती वेळा उठले याची मोजदाद मात्र आपण सकाळच्या चहाबरोबर निर्वेधपणे वाचतो.

यंत्र बसवावयाचे तर आईला विचारून, तिला समजेल अशा शब्दांत सांगून, बंद करण्याची कळ तिच्या हाताशी ठेवून बसवावे. तिने नको म्हटले तर नको. आणि ‘काल दिवसभर खोलीबाहेर का आली नाहीस’ असे फोनवर विचारणाऱ्यांनी त्यापेक्षा दुर्गहून नागपूरची गाडी धरावी. चार-पाच तासांचाच तर प्रवास आहे.