भाकरीचा तुकडा आणि घराचा उंबरठा

‘कुत्रा हा एक इमानी प्राणी आहे.’ निबंधांच्या वह्या तपासताना हे वाक्य आमच्या दृष्टीखालून इतक्या वेळा गेले आहे की, त्याच्यापुढे काय येणार हे आता न वाचताही सांगता येईल. तो घराची राखण करतो, चोराला पाहून भुंकतो, धन्यासाठी प्राणही देतो. हे सर्व खरे आहे. परंतु या साऱ्या निबंधांत कुत्र्याने मनुष्यासाठी काय करावे याचीच यादी असते. मनुष्याने कुत्र्यासाठी काय करावे, याविषयी एक ओळही क्वचितच आढळते. आणि निबंधाची वही मिटताच तोच इमानी प्राणी आपल्या नित्याच्या बोलण्यात शिवी होऊन बसतो. एखाद्याची दैना सांगावयाची झाली म्हणजे ‘त्याचे हाल कुत्रा खाणार नाही’ असे आपण सहज म्हणून जातो. ज्याच्या इमानाचे गोडवे गावयाचे, त्याच्याविषयी आपल्यावरही काही ऋण आहे की नाही, याचा विचार विद्यार्थ्यांनी व त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींनी एकत्र बसून करावा, अशी आमची इच्छा आहे.

आपल्या चांदवड तालुक्यात दया नाही, असे कोणी म्हणू नये. मळ्यातील वस्तीवर, मेंढपाळांच्या वाड्यावर, कांद्याच्या मार्केटात, आग्रा रोडवरील धाब्यांच्या मागे, सर्वत्र कुत्री आहेत व ती आपल्या हातच्या अन्नावरच जगतात. चुलीवरील शेवटची भाकरी कुत्र्याची, हा रिवाज कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. नामदेवांच्या ताटातील भाकरी घेऊन कुत्रे पळाले, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा महाराष्ट्रात लहान मुलेही जाणतात. या कथेतील मर्म मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. भाकरी तर कुत्र्याला मिळालीच होती. दुसऱ्या कोणी ‘गेली ती गेली’ म्हणून हात धुतले असते. नामदेव तेवढ्यावर थांबले नाहीत, ते तिच्यामागून गेले. आपण बहुतेक जण तुकडा टाकून परत फिरणारे आहोत.

ज्या गावात होळकरांचा रंगमहाल उभा आहे, त्या गावाला याविषयी दूरचा दाखला शोधावा लागू नये. अहिल्याबाई होळकरांच्या भूतदयेची हकीकत सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नमूद केली आहे. भर उन्हात नांगर ओढणाऱ्या बैलांना थांबवून पाणी पाजण्यासाठी बाईंनी माणसे नेमली होती आणि शेतकरी पाखरांना हुसकतात म्हणून त्यांच्यासाठी उभ्या पिकाची शेते विकत घेतली होती. बाईंना कळवळा आला, एवढ्यावर ही गोष्ट संपत नाही. त्यांनी माणूस नेमला, पैसा खर्चिला, व्यवस्था लावली. दयेला व्यवस्थेची जोड मिळाली नाही तर ती आपल्याच मनाचे समाधान करून विरून जाते.

कुत्र्यांच्या बाबतीत ही व्यवस्था लावण्याची वेळ आता येऊन ठेपली आहे. पूर्वी गावचे कुत्रे गावातच जन्मे व गावातच मरे. ते कोणा एकाचे नसे आणि म्हणूनच सर्वांचे असे. पुढे वस्ती वाढली, हमरस्त्यावरील वाहने वाढली, कुत्र्यांची संख्याही वाढली. २०१९ च्या पशुगणनेत देशातील भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे १ कोटी ५३ लाख भरली. २००१ साली झालेल्या व २०२३ साली नव्याने केलेल्या नियमांप्रमाणे अशी कुत्री धरावी, त्यांचे निर्बीजीकरण करावे, लस टोचावी व त्यांना मूळ जागी परत सोडावे, असा क्रम ठरला. नंतर ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवावी व पुन्हा त्या जागी सोडू नयेत, असा आदेश दिला. त्या आदेशाच्या योग्यायोग्यतेचा वाद आम्हांस येथे करावयाचा नाही. लहान मुलांच्या जिवाची काळजी न्यायालयास वाटावी, हे शिक्षक या नात्याने आम्हांस पूर्णपणे पटते. परंतु त्यातून निघणाऱ्या एका गोष्टीकडे डोळेझाक करता येत नाही. ज्या कुत्र्याला पूर्वीच्या जागी परत जाता येत नाही, त्याला निवाऱ्याच्या जाळीबाहेर पडण्याची वाट एकच उरते. ती म्हणजे कोणाच्या तरी घराचा उंबरठा. त्याच न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात, इच्छुक प्राणिमित्रांनी स्थानिक संस्थेकडे अर्ज करून कुत्री दत्तक घ्यावी, मात्र ती पुन्हा रस्त्यावर येऊ देऊ नयेत, असेही सांगितले होते.

मग निवाऱ्यातून घरी जाते कोण? गोंडस पिलू जाते. परदेशी जातीचे, दाट केसांचे कुत्रे जाते. जाळीवर उड्या मारून लक्ष वेधून घेणारेही जाते. मागे राहते ते तीन-चार वर्षांचे, तांबड्या किंवा काळ्या रंगाचे, साधे गावठी कुत्रे. दुसऱ्यांचे खाणे झाल्याखेरीज ते भांड्याजवळ येत नाही. कोणी आत आले तर कान मागे टाकून कोपऱ्यातच बसते. वर्गातही आम्ही हाच प्रकार पाहतो. हात उंचावून ओरडणाऱ्या मुलाचे नाव पहिल्याच दिवशी पाठ होते. शेवटच्या बाकावरील शांत मुलाची ओळख पटावयास दिवाळी उजाडते. वस्तुतः घरात लहान मुले व म्हातारी माणसे असतील तर हे शांत, वाढलेले कुत्रेच अधिक योग्य. त्याचा स्वभाव उघड झालेला असतो. पिलाचा पुढे कसा होईल हे कोणास सांगता यावे? शिवाय आखूड केसांच्या गावठी कुत्र्याला आपला वैशाखही सोसतो. बर्फाळ प्रदेशातील जातीचे कुत्रे येथे आणून त्याला धापा टाकावयास लावणे, ही हौस नव्हे, छळ होय.

सौम्य स्वभावाचा मोबदला जग नेहमी चांगलाच देते असे नाही. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी रशियाने अंतराळात पाठविलेली लायका ही मॉस्कोच्या रस्त्यावरील एक भटकी कुत्री होती. ती शांत व सोशिक असल्यामुळेच निवडली गेली, आणि त्या यानाला परतीची सोयच नव्हती. उड्डाणापूर्वी एका शास्त्रज्ञाने तिला आपल्या मुलांशी खेळावयास घरी नेले होते. तिला लाभलेले घर तेवढेच. त्या मोहिमेतील दुसऱ्या एका शास्त्रज्ञाने पुढे १९९८ साली आपला खेद जाहीरपणे व्यक्त केला.

याच्या उलट उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. उद्योगपती रतन टाटा यांच्या संस्थेचे मुख्य कार्यालय जे बॉम्बे हाऊस, तेथे २०१८ साली इमारतीचे नूतनीकरण झाले, तेव्हा रस्त्यावरील कुत्र्यांसाठी तळमजल्यावर एक स्वतंत्र खोली राखण्यात आली. तेथील एक कुत्रे गोव्याच्या रस्त्यावरून आणलेले, म्हणून त्याचे नावच ‘गोवा’. टाटा ९ ऑक्टोबर २०२४ रोजी निवर्तले. दुसऱ्या दिवशी अंत्यदर्शनासाठी लोटलेल्या मोठमोठ्या लोकांत या गोव्यालाही आणण्यात आले होते. धनिकाला हे सोपे, असे कोणी म्हणेल. परंतु भटक्या कुत्र्याला जे हवे असते, ते म्हणजे ठराविक जागा, ठराविक वेळचे अन्न आणि नावाने हाक मारणारे माणूस. त्यासाठी बॉम्बे हाऊस लागत नाही. मळ्यातील पडवी पुरते.

पालकांची पहिली शंका चाव्याविषयी असते, आणि ती रास्त आहे. पिसाळरोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी सहसा वाचत नाही. म्हणून कोणत्याही कुत्र्याचा दात लागला तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि हळद-चुना लावीत न बसता तत्काळ दवाखाना गाठावा. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्याने ही लस टोचविली व तो वाचला. तेव्हापासून या रोगापुढे मनुष्य अगदी निरुपाय राहिलेला नाही. पण हाच मुद्दा आमच्या बाजूनेही बोलतो. ज्याला धनी आहे व ज्याला वेळच्या वेळी लस टोचली जाते, ते कुत्रे त्या घराला व आळीलाही निर्धोक करते. प्रत्येक कुत्रे घरात आणण्याजोगे असते, असे आमचे म्हणणे नाही. चावरे असेल ते जाणत्यांच्या हाती राहू द्यावे.

दुसरी शंका सोवळ्याची, जागेची व खर्चाची. घराच्या आत घेणे ज्यांना रुचत नाही, त्यांनी ओटा द्यावा. मात्र तो ऊन-पावसापासून आडोशाचा असावा. आपल्या भागात बिबट्याचा वावर असल्याने रात्री त्याला बंद जागेत घ्यावे. दिवसभर साखळीला बांधलेले कुत्रे चिडखोर होते, हे ध्यानात ठेवावे. निर्बीजीकरण झाले नसेल तर करून घ्यावे. घरातील अन्न चालते. परंतु आपल्या जिल्ह्याची दोन नामांकित पिके त्याला विषासमान आहेत. कांदा, मग तो कच्चा असो वा शिजलेला, त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतो आणि द्राक्षे व बेदाणे मूत्रपिंडास अपाय करतात. कांद्याची फोडणी घातलेली आमटी भाकरीवर ओतण्यापूर्वी एवढे आठवावे.

नवे कुत्रे घरी आले म्हणजे पहिले काही दिवस ते खाणार नाही, कोपरा सोडणार नाही, कदाचित रात्री रडेल. मुलांनी त्याला घेरू नये, डोळ्यांत डोळे घालून पाहू नये, जेवताना हात लावू नये. बाजूला शांत बसावे व त्याला आपण होऊन येऊ द्यावे. ज्याने माणसांकडून दगड खाल्ले आहेत, त्याचा विश्वास एका बिस्किटाने परत मिळत नाही. त्याला आठवडे लागतात. आणि तो विश्वास संपादन केल्यावर मोडणे, हे तर मुळीच दत्तक न घेण्याहून वाईट. कुत्र्याचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे, कधी त्याहून अधिक. आज पाचवीत असलेला मुलगा पदवीधर होईल तोवर ते दारात असणार. म्हणून त्याच्या हट्टाखातर कुत्रे आणू नये. घरातील मोठ्या माणसाने भार पत्करला असेल तरच आणावे. कंटाळा आला म्हणून उपाशीतापाशी सोडून देणे हा १९६० च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. कायदा नसता तरी तो विश्वासघात असताच.

विद्यार्थिमित्रहो, ज्यांच्या घरी अनुकूलता नाही, त्यांनी मन खट्टू करून घेऊ नये. पिलाला दगड न मारणे, उन्हाळ्यात पाण्याचे मातीचे भांडे भरून ठेवणे, जखमी जनावर दिसल्यास वडील माणसास कळविणे, हे तुमच्या हातचे आहे. आणि ज्या पालकांना मळा आहे, ओटा आहे व घरात एकमत आहे, त्यांना आमची एक विनंती आहे. कुत्रे विकत घेण्यासाठी पैसे मोजण्यापूर्वी एकदा नाशिकला जावे. अंतर सुमारे पासष्ट किलोमीटरचे. भटक्या व जखमी जनावरांची शुश्रूषा करणाऱ्या संस्था तेथे आहेत. मुलांना बरोबर न्यावे. जाळीपाशी उड्या मारणाऱ्या पिलांचे कौतुक अवश्य करावे. परंतु तेथील माणसास एवढे जरूर विचारावे की, येथे सर्वांत शांत कोण आहे, आणि सर्वांत अधिक दिवस वाट पाहत कोण राहिले आहे?