साध्या फाइलमधील किल्ल्या आणि सहा तासांची मुदत

नवी दिल्ली : 'एनएक्स' या जावास्क्रिप्ट प्रणालीच्या काही आवृत्त्यांमध्ये २६ ऑगस्ट २०२५ रोजी घातपाती कोड घुसवण्यात आला. ती आवृत्ती संगणकावर उतरताच हा कोड गिटहब व एनपीएमची टोकने आणि एसएसएच किल्ल्या धुंडाळू लागला. हाती लागलेला ऐवज त्याच प्रोग्रामरच्या गिटहब खात्यावर सार्वजनिक भांडार उघडून तेथे ठेवू लागला. संगणकावर क्लॉड, जेमिनी वा अ‍ॅमेझॉन क्यू यांची कमांड-लाइन साधने असल्यास महत्त्वाच्या फाइली शोधण्याचे काम त्या साधनांनाच देण्यात आले होते. घरच्याच गड्याकडून तिजोरीची जागा वदवून घ्यावी, तसा हा प्रकार.

एपीआय की ही सही केलेल्या कोऱ्या धनादेशासारखी असते. ती कोणाच्या हाती आहे, हे सर्व्हर सहसा विचारत नाही. की बरोबर असली की सेवा मिळते आणि देयक मूळ मालकाच्या नावे निघते.

कमांड-लाइन साधन बसवताना ही की कोठे कोठे सांडते, हे अनुभवी प्रोग्रामरच्याही सहसा ध्यानात येत नाही. आज्ञेतच की लिहिली, तर ती शेलच्या इतिहास-फाइलमध्ये नोंदली जाते. सामायिक लिनक्स सर्व्हरवर, वेगळा बंदोबस्त केलेला नसल्यास, चालू प्रक्रियांच्या यादीत ती इतर वापरकर्त्यांनाही दिसू शकते. शेलच्या आरंभ-फाइलमध्ये 'एक्स्पोर्ट' करून ठेवण्याचा सल्ला अनेक मार्गदर्शिका देतात. पण तेथून ती त्या शेलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला आपोआप उपलब्ध होते. अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएस साधनाची 'कॉन्फिगर' ही आज्ञाही किल्ल्या होम फोल्डरमधील साध्या मजकुराच्या फाइलमध्येच लिहिते. एनएक्सवरील हल्लेखोरांना कुलूप फोडावे लागले नाही, ते यामुळेच.

त्याहून जुनी चूक म्हणजे की कोडमध्येच ठेवणे. टोयोटाच्या 'टी-कनेक्ट' सेवेची एक की गिटहबवर डिसेंबर २०१७ पासून सप्टेंबर २०२२ पर्यंत सार्वजनिक होती. २ लाख ९६ हजार ग्राहकांचे ई-मेल पत्ते त्यामुळे उघडे पडल्याची शक्यता कंपनीला मान्य करावी लागली. उबरचे २०१६ मधील प्रकरण तर खासगी भांडारातले. तेथे सापडलेल्या एडब्ल्यूएस किल्लीच्या आधारे ५ कोटी ७० लाख जणांची माहिती चोरीस गेली. गिटमध्ये ओळ पुसली तरी जुन्या नोंदींत ती शिल्लक राहते. म्हणून की फुटल्यावर फाइल स्वच्छ करत बसण्याआधी ती की रद्द करणे हाच पहिला उपाय. नेमका तोच लांबणीवर पडतो. सार्वजनिक गिटहबवर २०२४ या एका वर्षात २ कोटी ३८ लाख नवी गुपिते आढळल्याचे आणि २०२२ मध्ये फुटलेल्यांपैकी ७० टक्के अद्याप चालू असल्याचे गिटगार्डियन या कंपनीचा अहवाल सांगतो. ही कंपनी याच संरक्षणाचा व्यवसाय करते, हे लक्षात घेऊनही आकडा लहान नाही.

उपाय नवे नाहीत. मॅकओएसचे कीचेन आणि विंडोजचे क्रेडेन्शियल मॅनेजर संगणकासोबतच मिळतात; गिटहबचे कमांड-लाइन साधन टोकन तेथेच ठेवते, मात्र तशी सोय न आढळल्यास पुन्हा साध्या फाइलकडे वळते. अशा ठिकाणी फाइल वाचण्याचा अधिकार केवळ मालकापुरता ठेवणे आणि ती गिटच्या वगळण्याच्या यादीत टाकणे, एवढे तरी करता येते. तिजोरीतील कीही चालू सत्रातून चोरली जाऊ शकते, हे खरे. त्यामुळे काही तासांत आपोआप बाद होणारी, मोजकेच अधिकार असलेली आणि खर्चाची मर्यादा घातलेली की अधिक भरवशाची.

भारतीय कंपन्यांसाठी हा प्रश्न केवळ तांत्रिक राहिलेला नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ अन्वये वाजवी सुरक्षा उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. 'सर्ट-इन'चे एप्रिल २०२२ चे निर्देश मात्र आधीपासूनच अमलात आहेत. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे त्यानुसार बंधनकारक आहे. एकच की पाच जणांच्या लॅपटॉपवर आणि दोघांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर असेल, तर ती कोठून फुटली याचा शोध घेण्यातच हे सहा तास निघून जातात.