अनुबोधपट आणि पुरावा

विज्ञानप्रसाराच्या साधनांत अनुबोधपटाइतके प्रभावी साधन क्वचितच आढळेल. छापील विधानाशी वाचक क्षणभर थांबतो, शंका घेतो. पडद्यावर जे हालते ते मात्र आपल्या डोळ्यांदेखत घडले असे त्यास वाटते. म्हणूनच आपला पुरावा कोठे संपतो व अनुमान कोठे सुरू होते, हे अशा पटाने प्रेक्षकांस दाखविलेच पाहिजे, असे आमचे मत आहे.

ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने १९९९ साली ‘वॉकिंग विथ डायनोसॉर्स’ ही मालिका प्रक्षेपित केली. सिंहांच्या कळपावर पट काढावा त्याच थाटात तीत डायनोसॉर व त्यांचे समकालीन प्राणी वावरत होते. मध्येच थांबून पुरावा सांगणारा शास्त्रज्ञ त्यात नव्हता. लायोप्लुरोडॉन हा सागरी सरीसृप तीत २५ मीटर लांबीचा दाखविला होता. सापडलेल्या अवशेषांवरून त्याची लांबी याच्या निम्म्यानेही भरत नाही. परंतु तो अजस्र जबडा पाहणाऱ्यास शंका घेण्यास वाव कोठे होता?

चीनच्या लिआओनिंग प्रांतातील सायनोसॉरोप्टेरिक्स या लहानशा डायनोसॉरची हकीकत याहून उद्बोधक आहे. १९९६ साली प्रथम वर्णिलेल्या या प्राण्याच्या जीवाश्मात अंगावरील लवेच्या खुणा होत्या. २०१० साली त्या लवेतील रंगद्रव्याचे सूक्ष्म कण संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. आजच्या पक्ष्यांच्या पिसांत गोलसर कणांमुळे तांबूस व लांबट कणांमुळे काळा रंग येतो. येथे गोलसर कण आढळले. त्यावरून शेपटीवर तांबूस पट्टे असावेत असा निष्कर्ष निघाला. त्याचा आवाज मात्र कोणी ऐकलेला नाही. पडद्यावर तो ओरडला, तर ती करामत ध्वनियोजकाची समजावी. हा सूक्ष्मदर्शक पडद्यावर आणल्याने कथेची गोडी कमी होईल, ही निर्मात्यांची भीती आम्हांस अनाठायी वाटते.

डायनोसॉरच्या लांबीत चूक झाली, तर कोणाचे फारसे बिघडत नाही. मांसाहार व पर्यावरण यांवरील पटांची गोष्ट वेगळी. त्यांतील आकड्यांवरून लोक आपला आहार बदलतात. ‘काउस्पिरसी’ या २०१४ सालच्या अमेरिकी पटाने हवामान तापविणाऱ्या वायूंपैकी ५१ टक्के वायू पशुपालनातून येतात असे सांगितले. हा आकडा २००९ सालच्या एका लेखातील होता, आणि त्या लेखात जनावरांच्या उच्छ्वासातील कर्बवायूही जमेस धरला होता! वस्तुतः तो कर्ब गवताने थोड्याच काळापूर्वी हवेतून घेतलेला असतो. तो हवेत परत जातो, इतकेच. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेने २०१३ साली हे प्रमाण १४.५ टक्के ठरविले. हेही काही थोडे नव्हे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात सूक्ष्मजंतू मिथेन निर्माण करतात, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू तितक्याच वजनाच्या कर्बवायूच्या सुमारे २७ पट उष्णता अडवितो. खरा आकडाच इतका गंभीर असता तो फुगविणे म्हणजे ज्यांना काहीच बदलावयाचे नाही, त्यांच्या हाती आयते निमित्त देणे होय.

भारतात तर हा प्रश्न मांसाच्या ताटापुरता राहतच नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात गाई, बैल व म्हशी मिळून ३० कोटींहून अधिक जनावरे होती, आणि ती पाळली जातात मुख्यतः दुधासाठी व शेतीच्या कामासाठी. परदेशी पट पाहून ‘यात आपला काय संबंध?’ असे म्हणणाऱ्या शाकाहारी प्रेक्षकाचे दूधही त्याच कोठीपोटाच्या आश्रयाने तयार होते. जनावरामागे दूध थोडे, म्हणून दर लिटरमागे मिथेन अधिक, हाही आपल्याकडील हिशेब आहे. तेव्हा येथील पटात कत्तलखान्यापूर्वी गोठा दिसावयास हवा: म्हशीच्या गळ्यात अडकविलेले नमुने गोळा करण्याचे नळकांडे, तिच्या श्वासाचा त्यात साठणारा नमुना, प्रयोगशाळेत होणारे त्याचे मापन, आणि चाऱ्यात बदल केल्यावर पुन्हा घेतलेले दुसरे माप.