सातबाऱ्यावर तिचं नाव

फेब्रुवारीत वसमतहून कुरुंद्याच्या वाटेनं निघालं की दोन्ही अंगांना हळदीची काढणी चाललेली दिसते. पाला कापून झालेला असतो, सरी उकललेली असते आणि मागं बायकांची ओळ. कंद वेचायचे, माती झटकायची, गड्डा वेगळा आणि हळकुंड वेगळं मोडायचं, टोपलं डोक्यावर घेऊन कुकरपर्यंत न्यायचं. त्याआधी मे-जूनमधली लावण, पावसाळाभर खुरपण. काढणीनंतर शिजवणं, वाळवणं, निवडणं. आठ-नऊ महिन्यांच्या या पिकात बाईचा हात लागला नाही असा टप्पा शोधून सापडायचा नाही. मग पोती हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात नाही तर वसमतच्या बाजारात जातात, आणि तिथं बाई जवळजवळ दिसेनाशी होते. काट्यावर पुरुष, पट्टी घेणारा पुरुष, पैसे जमा होतात ते खातंही त्याचंच.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका रानात मी एका मावशींना विचारलं होतं, शेत कुणाच्या नावावर आहे? त्या हातातला कंद न सोडता म्हणाल्या, "मपलं नाव कशाला लागतंय दादा तिथं? मपले हात लागतेत." नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. जमीन अजून सासऱ्याच्या नावावर, आणि वारसाच्या फेरफाराचं दीर बघणार होते.

नाव कशाला लागतं, हे त्या मावशींना कुणी सांगितलं नव्हतं. पीककर्ज सातबाऱ्यावर मिळतं. गारपिटीची भरपाई सातबारा बघून येते. पीएम किसानचे वर्षाचे 6,000 रुपये जमीनधारकालाच मिळतात. 2025 पासून राज्यात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आणि तोही जमिनीच्या नोंदीशी जोडलेला आहे. म्हणजे जिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, ती चाळीस वर्षं रानात राबली तरी सरकारच्या कागदावर शेतकरी नाही. 2015-16 च्या कृषिगणनेत देशातली शंभरातली जेमतेम चौदा वहितीखातीच बायकांच्या नावावर निघाली. स्त्री-पुरुष समानतेवर आपण 8 मार्चला भाषणं करतो, शाळेत निबंध लिहून घेतो. माझं म्हणणं इतकंच की आपल्या हिंगोली जिल्ह्यात समानता मोजायची असेल तर आधी सातबारा उघडावा.

माझ्या आत्याची गोष्ट सांगतो. आजोबा गेल्यावर तेराव्या दिवसानंतर तिला तालुक्याला नेलं आणि हक्कसोड पत्रावर अंगठा घेतला. तिनं एका शब्दानं विचारलं नाही. तिला एक लुगडं नेसवलं आणि गाडीत बसवून दिलं. पुढं तिच्या सासरी हाल झाले, दोन लेकरं घेऊन ती माहेरी आली, तेव्हा ज्या रानात ती जन्मापासून खेळली त्याच रानात तिनं रोजानं खुरपलं. भावाकडून रोज घेताना तिची मान खाली असायची. मी तेव्हा लहान होतो, पण ती मान मला आजही दिसते.

महाराष्ट्रानं 1994 मध्येच वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला वाटा देणारी दुरुस्ती केली, पण त्याआधी लग्न झालेल्या लेकी त्यातून बाहेर राहिल्या. 2005 मध्ये केंद्रानं ती अट काढून देशभर लेकीला लेकाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं उरलेली शंकाही मिटवली: 2005 च्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क शाबूत आहे. कायदा पुरता स्पष्ट आहे. घरात मात्र "हिस्सा मागितला तर माहेर तुटंल" हे वाक्य अजून कायद्यापेक्षा मोठं आहे. ज्या बहिणीला माहेर टिकवण्यासाठी जमीन सोडावी लागते, तिला आपण माहेरच विकत घ्यायला लावतो.

बायकोचं तर त्याहून अवघड. नवरा जिवंत आहे तोवर त्याच्या जमिनीवर तिचं नाव आपोआप लागत नाही. हे दुखणं ओळखलं शरद जोशींनी. नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, लाखांनी बायका आल्या, आणि त्यातून पुढं लक्ष्मीमुक्तीची मोहीम उभी राहिली. ज्या गावात शंभर शेतकरी आपल्या जमिनीत बायकोचं नाव लावतील ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. कायद्याची सक्ती नसताना, कुणी अनुदान देत नसताना शेतकऱ्यांनी हे केलं. 1992 मध्ये सरकारनंही परिपत्रक काढून त्याला वाट करून दिली: नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. तीस वर्षं उलटली. किती गावांत या परिपत्रकाचं नाव तरी ठाऊक आहे?

नावाचं मोल आपल्या मातीला नवं नाही. आपला जिल्हा नामदेवांचा. नर्सी आपल्याकडची, आणि त्यांच्या घरी राबणारी जनाबाई शेजारच्या गंगाखेडची. दळण-कांडण करणाऱ्या त्या बाईनं सातशे वर्षांपूर्वी आपल्या अभंगाखाली आपलं नाव घातलं. म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली.

वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद आहेच. पण ती हळद काढणाऱ्या विधवेला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अजून बोलावत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे 2022 मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्या पाच तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. असा ठराव मांडायला त्यांना अडवतंय कोण?

2026 हे संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकऱ्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. वाचकहो, या वर्षी बेणं लावायच्या आधी एक काम करा. सातबाऱ्याचा उतारा आणि बायकोचं आधार घेऊन तलाठ्याकडं जा आणि तिच्या नावाचा अर्ज द्या. आणि घरात वाटणीचं चाललं असेल तर बहिणीपुढं हक्कसोडाचा कागद ठेवू नका.