अर्धी पदवी म्हणजे शून्य नव्हे

लग्नाच्या पंगतीत, एसटी स्टँडवर, किराणा दुकानात प्रश्न एकच. "मंग, आता काय करून राह्यला?"

"बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे," म्हटलं की विचारणारा समाधानानं मान हलवतो. "कॉलेज सोडलं, खामगावात मोटार वाइंडिंग शिकतोय," म्हटलं की तो तुमच्या वडिलांकडे कीव आल्यासारखा बघतो. पहिल्या मुलानं वर्षभर वर्ग पाहिला नसेल, दुसरा रोज नऊला शटर उघडत असेल. तरी वाया गेलेला कोण, हे आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आधीच ठरलेलं असतं.

हा हिशेबच खोटा आहे. आणि तो फक्त काका-मामांचा नाही, सरकारचाही आहे.

२०२४ साली आलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना घ्या. महिन्याचं विद्यावेतन बारावीला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवीला १०,०००. दोन वर्षं कॉलेज करून बाहेर पडलेल्याकडे त्या दोन वर्षांचा कागद नसेल, तर तो बारावीच्याच पायरीवर. भरलेली फी, गावाहून मारलेल्या फेऱ्या, पास केलेले पेपर, सगळं शून्य.

दुसरीकडे २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं, एका वर्षानंतर सोडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका. त्यासाठी ठरलेले क्रेडिट पूर्ण हवेत, शिवाय चार क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रमही. पण ही अट मुलाला कळते कधी? प्रवेशाच्या दिवशी ढीगभर कागद मागणाऱ्या कॉलेजांनी सोडून जाणाऱ्याला निदान समोर बसवून हे सांगावं. आज त्याला मिळतो तो फक्त टीसी.

आता काम शिकण्याची बाजू. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१चा. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. चार ते २९ माणसं असतील तर मालकाची मर्जी. चारांहून कमी असतील तर हा रस्ताच नाही. आणि आपल्याकडे हातातलं कसब कुठे मिळतं? खामगावच्या चांदीच्या कारागिरांकडे, ट्रॅक्टरच्या गॅरेजात, विहिरीवरचे पंप दुरुस्त करणाऱ्या दुकानात. तिथे उस्ताद एक आणि पोरं दोन. दोन वर्षांत पोरगा जळालेली मोटार उघडून दोष सांगू लागतो, पण कागदावर तो कुणीच नाही. कॉलेजची दोन वर्षं गेली, गॅरेजची दोन वर्षंही गेली.

"पदवी असली की स्पर्धा परीक्षा तरी देता येते," असं घरचे म्हणतात. राज्यसेवेला पदवी लागते, खरं आहे. पण पोलीस शिपाई भरतीला बारावी पुरते. आणि पदवी हवीच असेल, तर १९८९ साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, काम करता करता ती पूर्ण करता येते.

उलट टोकाचे लोक बिल गेट्सचं नाव घेतात. ज्याचे वडील वकील आणि सोडलेलं कॉलेज हार्वर्ड, त्याचं उदाहरण मेहकरच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराला देऊ नका. त्याला श्रीमंत व्हायचं नाही, महिन्याच्या महिन्याला घरात पैसे द्यायचेत.

म्हणूनच कॉलेज सोडणाऱ्यानंही डोळे उघडे ठेवावेत. कायद्याच्या नजरेत शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही, आणि मुदत संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन मालकावर आपोआप येत नाही. तेव्हा आधी विचारा. करार पोर्टलवर नोंदणार का? विद्यावेतन खात्यात येणार का? शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र आहे का? नोंदलेला करार असेल, तर कामावर इजा झाल्यास भरपाईची तरतूद कायद्यातच आहे. "आधी काम कर, कागदाचं नंतर बघू," असं उत्तर आलं, तर ते शिक्षण नव्हे, स्वस्तातली मजुरी आहे.

मागणीही तेवढीच साधी आहे. लहान दुकानात शिकलेल्याची परीक्षा तालुक्याच्या आयटीआयमध्ये घ्या. आधीच्या अनुभवाला मान्यता देण्याची पद्धत देशात आहे, ती चिखली, लोणार, जळगाव जामोदच्या पोरापर्यंत आणा. आणि कॉलेजात पास केलेल्या प्रत्येक पेपरची किंमत विद्यावेतन ठरवताना धरा.

तोवर पंगतीत पुन्हा कुणी विचारलं, तर मान खाली घालू नका. "शिकून राह्यलो," एवढंच सांगा. ते खरं आहे. आणि विचारणाऱ्याच्या विहिरीवरची मोटार जळेल, तेव्हा तो फोन कुणाला करणार आहे, हे त्यालाही ठाऊक आहे.