कर्णनादाची फिर्याद

कानात अहोरात्र शिटी वाजते, अशी तक्रार घेऊन बंगळूरच्या एखाद्या कान-नाक-घसा तज्ज्ञाच्या दारी गेलेल्या मनुष्यास बहुधा ‘याला औषध नाही, सवय करून घ्या’ एवढेच ऐकून परतावे लागते. यातील पूर्वार्ध, निदान बहुतांश रुग्णांपुरता, खरा आहे. उत्तरार्ध मात्र नुसता हुकूम आहे, आणि हुकमाने सवय लागल्याचे ऐकिवात नाही.

वार्धक्याने वा गोंगाटाने अंतर्कर्णातील केशपेशी झडल्या, की मेंदूकडे होणारी स्वरांची आवक घटते, आणि ती तूट भरून काढण्यासाठी श्रवणमार्ग आपली संवेदनशीलता वाढवून घेतो, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणूनच मल्लेश्वरमच्या निवांत गल्लीत, दिवा मालवल्यावर, जो नाद असह्य होतो, तो सिल्क बोर्डच्या गजबजलेल्या चौकात जाणवतही नाही. (त्या चौकाच्या औषधी गुणाचा हा एकमेव दाखला.) 1953 साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी निरोगी श्रवणाच्या 80 व्यक्तींना ध्वनिरोधक खोलीत बसविले, तेव्हा त्यांच्यापैकी बहुतेकांना काही ना काही नाद ऐकू आलाच; म्हणजे पीडा उपजते ती केवळ नादातून नव्हे, त्याकडे खिळलेल्या लक्षातून आणि भयातून.

हे भय ओसरविण्याची विद्या उपलब्ध आहे. श्रवणचाचणी करावी, ऐकणे मंदावले असल्यास श्रवणयंत्र घ्यावे, रात्री पंख्याचा वा तंबोऱ्याचा मंद स्वर सोबतीस ठेवावा. आणि बोधात्मक वर्तनोपचाराने नाद घटत नसला तरी त्याचा जाच घटतो, हे अनेक चाचण्यांतून दिसले आहे. बंगळुरातच निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत श्रवणतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ एकाच छताखाली आहेत, म्हैसूरला अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे. मग रुग्णाच्या हाती तेथवर पोहोचविणारी साधी चिठ्ठी का पडू नये? शिवाय हा वर्तनोपचार शब्दांनीच व्हावयाचा असल्याने, येथल्या मराठी वृद्धाने आपली व्यथा तोडक्या कन्नडात सांगावी, हीही तजवीज अपुरीच.

सरकारदरबारी तर शुकशुकाट आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात श्रवणदोषाची गणना दोन्ही कानांच्या 60 डेसिबल हानीपासून सुरू होते. ज्याचे ऐकणे शाबूत पण झोप उडालेली, त्याच्यासाठी तेथे रकाना नाही.

मात्र नाद एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठेक्यावर वाजत असेल, तर तपासणी लांबवू नये. आणि त्याच्या जोडीने अकस्मात बहिरेपणा आला, तर सवयीची भाषा बाजूस ठेवून त्याच दिवशी तज्ज्ञ गाठावा.